हवेची बाजू

वैजनाथ मिस्त्रीनं भिंतीवर पाणी मारलं आणि पहारीनं एक वीट ढिली केली. निलंग्यातल्या त्या एकाच खोलीच्या घरात उजेडाची पट्टी येऊन पडली. नीलाबाई तिच्याकडं बघतच राहिली.

इथं पूर्वी खिडकी होती. भाडेकऱ्यांची नजर आपल्या अंगणात नको, म्हणून घरमालक माणिकप्पांनी ती बुजवून टाकली. तेव्हापासून नीलाबाईच्या पोरीचा, करिश्माचा, दमा वाढत गेला. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पंप दिला. हवा मात्र मला लिहून देता येत नाही म्हणाले, आणि व्हरांड्यातल्या टेबलाकडं बोट दाखवलं. तिथं लुंबिनी बसायची. वकिली शिकत होती, गरिबांना कायद्याची मदत फुकट करायची.

तक्रार केली आणि खोली गेली तर पोरीला घेऊन कुठं जायचं, एवढंच नीलाबाई तिला विचारत राहिली. लुंबिनी माणिकप्पांकडं गेली. त्यांनी दारातूनच परत पाठवलं. ती पुन्हा गेली. शेवटी विधी सेवा समितीपुढं समेट झाला : खिडकी उघडायची, आणि या रागापायी खोली रिकामी करायला लावायची नाही. माणिकप्पांनी सही केली, पण लुंबिनीकडं पाहिलंसुद्धा नाही.

शेवटची वीट निघाली. धूळ बसल्यावर नीलाबाईनं ओल्या फडक्यानं फरशी पुसली आणि शेजारणीकडून करिश्माला आणलं. पलीकडच्या अंगणात शेवगा होता. त्याच्या बारीक पानांची सावली भिंतीवरून, भांड्यांवरून, पोरीच्या फ्रॉकवरून पाण्यासारखी सरकत होती. सगळी खोलीच तळ्याच्या तळाशी असल्यासारखी झाली. करिश्मा ती सावली मुठीत धरू लागली. धरता धरता कलंडली आणि तिथंच झोपली.

मिस्त्री लाकडी चौकट घेऊन आला. नीलाबाईनं हात आडवा धरला.

"थांबा जरा. लई दिसांनी आडवी झोपली हाय. न्हाईतर माझ्या छातीला टेकून बसूनच रात काढती."

मिस्त्रीनं हातोडी खाली ठेवली. काम कुठवर आलं ते बघायला माणिकप्पा अंगणातून आले आणि खिडकीच्या जागेतून आत डोकावले. काम बघायला येऊन उंबऱ्यावर बसलेली लुंबिनी, आता हे काय बोलतात म्हणून, उठून उभी राहिली. त्यांनी झोपलेल्या पोरीकडं पाहिलं. पोरीचा श्वास संथ चालला होता. आपलं अंग वाऱ्याच्या आड येतंय, हे ध्यानात आल्यावर ते बाजूला सरकले.

"वैजनाथ," ते हळू आवाजात म्हणाले, "चौकट पोरगी उठल्यावर बसव."

मग अंगणात कधीची घरघरत असलेली पाण्याची मोटार त्यांनी जाऊन बंद केली.