शर्टाच्या आतला शर्ट

"पोट आत घे," पुतळाबाई म्हणाल्या आणि मुलाच्या पाठीमागून त्यांनी काळा शर्ट खाली ओढला. समोरून त्यांचे यजमान गुलाबराव ओढत होते. शर्ट बेंबीपर्यंत आला आणि अडला. बाहेर फाटकाशी गाडी थांबली. तिघांनी मिळून जोर केला.

अमृतला बघायला मुरूम गावची माणसं आली होती. मुलगी, क्षमा, सोबत होती. घर तिला स्वतः बघायचं होतं. तिच्याकडे गेलेला अमृतचा फोटो जुना होता. त्यात पोट नव्हतं. आधी आलेली दोन स्थळं चहा पिऊन गेली ती गेलीच, आणि पुतळाबाईंच्या मते त्याला कारण पोटच होतं.

म्हणून अमृतने उमरग्यात मुजम्मिलच्या दुकानातून व्यायामाचा कम्प्रेशन शर्ट आणला. मुजम्मिलने बजावलं होतं, "भाई, ह्यानं पोट जात न्हाय. व्यायाम करताना अंगाला धरून ऱ्हातो, घाम लवकर सुकतो, एवढंच. हात वर गेला पायजे, दम पुरा घेता आला पायजे. तुला डबल एक्सेल लागंल."

"मला व्यायाम कुठं करायचाय? नुसतं बसायचंय," अमृत म्हणाला आणि मीडियम घेऊन आला.

वरून पांढरा सदरा घालून तो पाहुण्यांसमोर बसला. पोट सपाट दिसत होतं. श्वास मात्र गळ्याच्या खाली जात नव्हता.

एरवी अमृत हायवेवरच्या दवाखान्यात पेशंटचे नंबर पुकारतो. एक पेशंट आत जाऊन बाहेर येईपर्यंत पुढच्याचं गाव, पीकपाणी, सुनेचं माहेर, सगळं त्याचं विचारून झालेलं असतं. आज क्षमाचे वडील बजरंगराव त्यालाच विचारत होते.

"कुठं असता?"

"दवाखान्यात."

"काम बरं हाय?"

"व्हय."

"आवड कशाची?"

अमृतने तोंड उघडलं. दम पुरला नाही. तो नुसता हसला.

बजरंगराव खूश झाले. "लई शांत पोरगा. आमच्या घरात शोभंल. आमच्यात पण कुणी फुकाचं बोलत न्हाय." पुतळाबाईंनी पेढ्यांचा बॉक्स उघडला.

"बाबा, मला न्हाय जमणार," क्षमा म्हणाली. "आपल्या घरात दिवसभर फक्त पंख्याचा आवाज येतो. तिथून उठून परत असल्याच घरात जाऊ? जेवताना भिंतीशी बोलू का?"

अमृतपाशी उत्तर होतं. चांगलं लांबलचक होतं. ते छातीखाली अडकलं होतं. बजरंगराव नाइलाजाने उठले, जय भीम म्हणाले आणि दाराशी चपला शोधू लागले.

"आई," अमृत म्हणाला. "कात्री."

"आं? पावण्यांसमोर?"

"कात्री!"

तो पडद्याआड गेला. कापड चरचरत फाटल्याचा आवाज आला. मागोमाग एक श्वास ऐकू आला, पंक्चरवाला पंप सुरू करतो तसा. अमृत बाहेर आला तेव्हा सदऱ्याची बटणं ताणलेली होती.

"चपला काढा, काका. फोटो जुना हाय, पोट माझंच हाय. त्यो मुजम्मिल म्हणत होता डबल एक्सेल घे, म्या म्हणलं बसायचंच तर हाय, मग आईनं मागून ओढला, बाबांनी पुढून ओढला, मला वाटलं आता मधनं तुटून एकाची दोन पोरं होत्यात. अन् मुरूमचं म्हणता, तर तिथं तुमच्या बसस्टँडमागं ते चहावाले वीरप्पा, आमच्या दवाखान्यात आलते, त्यांचा गुडघा आता कसा हाय?"

"बरा हाय," बजरंगराव एक पाय चपलेत ठेवून म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "ह्यो थांबतो कधी?"

क्षमा परत येऊन खुर्चीत बसली. तिने बॉक्समधला एक पेढा उचलला.

"हाच दाखवायचा होता," ती पुतळाबाईंना म्हणाली, "तर मघापासून त्या दुसऱ्याला कशाला बसवलं होतं?"