फारकतीचा कागद

‘मुलगी बापाकडे राहील,’ इथवर मजकूर आला आणि पडदा निळा झाला. धुण्यात नीळ जास्त पडावी तसा. त्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं, कुणालाच न लागणारी.

“गेलं का?” आप्पारावांनी विचारलं.

“गेलं,” शिवगंगा म्हणाली.

अंबाजोगाईच्या कोर्टासमोर तिचं टायपिंगचं दुकान होतं. गेल्या आठवड्यात मेमरी वाढवून घेतल्यापासून तिचा कॉम्प्युटर कधी मान टाकेल याचा नेम नव्हता. आवारात सगळ्यांना ते ठाऊक झालं होतं.

आप्पाराव धाकट्या भावाच्या फारकतीचा मजकूर सांगत होते. तो भाऊ, उत्तरेश्वर, बाकावर बसून स्वतःच्या चपलांकडं बघत होता. त्याची बायको सुभद्रा खाली बसली होती, मांडीवर तीन वर्षांची लेक झोपलेली. सुभद्राला माघारी न्यायला तिचा भाऊ राधाकिशन आला होता. बहिणीला न्यायला तो तयार होता, लेकरासकट नव्हता. सगळं बैठकीत ठरलं होतं. सुभद्राला कुणी विचारलं नव्हतं. मागं भिंत, पुढं दीर, दारात भाऊ.

“शेजारच्या टाइपरायटरवाल्याकडं जाऊ,” राधाकिशन म्हणाला. “एस्टी जाईल आमची.”

“नगं. टाइपरायटरचा कागुद कच्चा. कॉम्प्युटरचा लई पक्का ऱ्हातो,” आप्पाराव म्हणाले.

शिवगंगानं बटण बंद केलं. टेबलाखालच्या कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण काढलं. मेमरीची नवी पट्टी उपसून तिची सोनेरी कडा खोडरबरानं घासली, फुंकर मारली, पट्टी पुन्हा खाचेत ठेवली, बटण चालू केलं.

“आदीचं जपून ठिवलं न्हाई का तुमी?” आप्पारावांनी विचारलं.

“ठेवलं होतं. उघडंना. परत सांगावं लागंल.”

पहिल्या वेळी आप्पारावांनी आरती म्हणावी तसं घडाघडा सांगितलं होतं. आता शिवगंगा प्रत्येक शब्दाला थांबत होती.

“मुलगी कुणाकडं म्हणालात?”

“बापाकडं.”

“कायमची?”

“कायमची.”

शब्द एकेकटा पडत होता, कोरड्या आडात खडा पडावा तसा. लेकीला थोपटणारा सुभद्राचा हात थांबला. उत्तरेश्वरनं मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

अजून दोन ओळी झाल्या आणि पडदा निळा.

“काय मशिन हाय का अवदसा!” आप्पारावांच्या घशाला कोरड पडली होती. “सांग बे आता तूच. तुझीच फारकत हाय.” ते पायरीवर जाऊन बिडी पेटवायला लागले.

पुन्हा झाकण, पुन्हा खोडरबर. मग उत्तरेश्वर सांगायला लागला. स्वतःचं नाव. गाव सिरसाळा. लग्नाचं साल. 

“मुलगी...” म्हणाला आणि थांबला. लेकीनं झोपेतच आईचा पदर मुठीत धरला होता.

“मुलगी?” शिवगंगानं विचारलं. बोटं कळांवर तशीच.

“आईपाशी,” सुभद्रा म्हणाली.

सगळे तिच्याकडं बघायला लागले. दिवसभरात तिचा हा पहिला शब्द होता.

“लिव्हा. लेक आईपाशी ऱ्हाईल.”

“अगं, येडी का खुळी?” राधाकिशन आत आला. “माझ्या घरी कुठं—”

“तुझ्या घरी येते असं मी कवा म्हनले, दादा?”

राधाकिशन पुन्हा दारात जाऊन उभा राहिला.

शिवगंगानं उत्तरेश्वरकडं पाहिलं. “लिहू?”

त्यानं त्या इवल्या मुठीकडं पाहिलं. “लिव्हा,” म्हणाला.

आप्पाराव बिडी टाकून आत आले. पडद्यावरची ओळ त्यांनी ओठ हलवत वाचली. भावाकडं पाहिलं. भावानं या वेळी मान खाली घातली नाही.

“ऱ्हाऊ द्या,” आप्पाराव फणकारले. “आत्ता बंद पडंल, मग मी नीट सांगतो.”

“आता नाही पडायचं,” शिवगंगा म्हणाली.

पट्टी खाचेत सैल आहे आणि डब्याला जरा धक्का लागला की पडदा निळा होतो, हे तिला सकाळीच सापडलं होतं. टेबलाखाली डब्याला टेकवून ठेवलेला गुडघा तिनं हळूच बाजूला घेतला.