वाळूच्या खाली काय असतं

उंटावर बसायच्या रांगेत त्या चौघांचा पाचवा नंबर होता. सकाळचे जेमतेम नऊ वाजले होते, तरी वाळू अशी तापली होती की उंट एका वेळी दोनच पाय जमिनीवर टेकवत होता आणि उरलेले दोन गार व्हायला वर धरत होता. निदान लांबून तरी तसंच दिसत होतं.

"बाबा," फौजदार म्हणाली, "वाळूच्या खाली काय असतं?"

फौजदार सहा वर्षांची होती. चौकशीला बसली की समोरच्याचा घाम काढायची, म्हणून घरात हे नाव पडलेलं. तिच्या चौकशा चालायच्या त्या आईपुढे; दिवसाला शंभर, सुट्टीच्या दिवशी दीडशे. बाबाच्या वाट्याला त्यातली एकही येत नसे. तो महिन्यातले पंचवीस दिवस बोअरच्या गाडीबरोबर कुठल्या कुठे जमिनीला भोकं पाडत हिंडायचा. घरी आला की फौजदार त्याला "चहा घेणार का?" एवढंच विचारायची. पाहुण्याला विचारावं तसं.

त्यामुळे बोअरवाल्याच्या छातीत एकदम धडधडलं. तीनशे फुटांवर पाणी लागलं की धडधडतं, तसं. लेकीचा पहिला प्रश्न, आणि तोही त्याच्याच धंद्यातला!

"वाळू," तो ऐटीत म्हणाला.

"आणि तिच्या खाली?"

"आणखी वाळू."

"तू बघितलंयस?"

बघितलं नव्हतं. काळी माती, मुरूम, खडक, सगळं फोडून झालं होतं. वाळवंटात मात्र तो पहिल्यांदाच आला होता. फौजदारने मान वळवली. पलीकडे आई तिच्या धाकट्या भावाच्या, गोळ्याच्या डोक्यावर टोपी घालत होती आणि गोळा ती काढत होता. "आ..." फौजदारने तोंड उघडलं.

"थांब, थांब! बघूनच सांगतो," बोअरवाला घाईघाईने म्हणाला, आणि त्याने गोळ्याच्या बादलीतलं पिवळं प्लॅस्टिकचं फावडं ओढून घेतलं.

"अहो! काय ठरलं होतं आपलं?" आई म्हणाली. "आठ दिवस जमिनीकडे ढुंकून बघायचं नाही."

"अगं, ही जमीन कुठे आहे? वाळू आहे."

"नंबर आला की हाक मारीन. एकदाच मारीन."

तो गुडघ्यांवर बसून खणायला लागला. जेवढी वाळू काढावी, त्याच्या दुप्पट आत घसरत होती. रांगेतल्या एका काकांनी विचारलं, "अंगठी पडली का हो?" उत्तराची वाट न बघता सहा जण वाकून अंगठी शोधायला लागले. एकाला तर ती चमकलेलीही दिसली.

"साहेब, मजा वरच आहे," उंटवाला हसत म्हणाला. "खाली काही नाही."

"तुम्ही खणून बघितलंय?" फौजदारने विचारलं.

उंटवाल्याने उंटाकडे बघितलं. उंटाने दुसरीकडे बघितलं.

सरळ खाली जाऊन भागणार नव्हतं. बोअरवाल्याने खड्डा परातीसारखा पसरट केला, कडा उतरत्या ठेवल्या आणि वर आलेली वाळू लांब ढकलायच्या कामावर फौजदारला लावलं. खड्डा घोट्याएवढा झाला. गुडघ्याएवढा झाला. वाळूच. फावड्याचा दांडा मोडला, तसा तो हातांनी उकरायला लागला.

"वाळूच आहे," फौजदार म्हणाली. आवाजावरून ती चौकशी बंद करायच्या बेतात होती.

तेवढ्यात त्याची बोटं थांबली. खालची वाळू काळपट लागली होती. त्याने मूठभर घेऊन दाबली आणि मूठ उघडली. वाळू सांडली नाही. बोटांचे ठसे धरून तशीच बसून राहिली. त्याने ती लेकीच्या गालाला लावली.

"गार!" ती अशी किंचाळली की अंगठी शोधणारे सहाही जण ताठ झाले. "ओली आहे, बाबा! कोणी पाणी ओतलं?"

"कोणी नाही. पाऊस मुरला असेल कधीतरी."

"कधी?"

"ते नाही सांगता येणार."

"मग एवढ्या उन्हात ते उडून का नाही गेलं?"

अशा वेळी गिऱ्हाइकाला सांगायला त्याच्याकडे चार थापा तयार असत. त्यातली एक जिभेवर आलीही. चांगली होती, आजवर कधी पकडली गेली नव्हती. त्याने ती गिळली.

"मला माहीत नाही," तो म्हणाला.

"अहो, चला! नंबर आला!" आईने हाक मारली. एकदाच.

फौजदारने आईकडे बघितलं. बोअरवाल्याने मुठीतली वाळू घट्ट धरली. आता ही जाणार, आणि प्रश्नही तिच्याबरोबर जाणार.

"आई, तुम्ही दोघं जाऊन या!" फौजदार ओरडली. "हे बाबालासुद्धा माहीत नाहीये!"

बाबाला पहिलं बक्षीस मिळाल्याची बातमी सांगावी, अशा थाटात तिने हे सांगितलं आणि खड्ड्याच्या काठावर पालथी पडली. "सरक ना जरा."

तो सरकला.

उंट आधी मागून उठला, मग पुढून. आईला बिलगून बसलेल्या गोळ्याने वरून बघितलं तर वाळूवर नुसते चार तळवे दिसत होते, दोन मोठे, दोन छोटे. डोकी दोन्ही खड्ड्यात. आणि आतून एकामागून एक "का?" ऐकू येत होते. कधी बारीक आवाजातले, कधी जाड.