बॉनेटखालच्या वाती

राजधानी झाल्यापासून रायपुरात गाडी मुंगीच्या पावलांनीच चालवावी लागते, आणि आमची जुनी गाडी नेमकी तेव्हाच दम सोडायची. "माझ्याच पायात जोर नाही राहिला, ॲक्सिलरेटर नीट दबत नाही. विकून टाकू," हे म्हणाले. मी रोज त्यांच्या पायाला तेल चोळलं, शनिवार धरले. विकण्याआधी हिरालाल मिस्त्रीला बोलावलं. त्यानं बॉनेट उघडून कुरतडलेली रबरी नळी दाखवली. "पैर ठीक है बाबूजी. चूहे ने नली काटी है, हवा घुस रही है. धीमे में दम कहाँ से आएगा?" नळीखाली उंदराचं घरटं होतं, माझ्या लाखवातीच्या वातींचं. हे कितीतरी दिवसांनी हसले. "पिंजरा तर रोज रिकामा असते म्हणत होतीस ना?" "चतुर्थीला सापडला होता," मी म्हणाले. "गणपतीचं वाहन कसं मारू? मीच गाडीपाशी सोडला." त्यांच्या पायावरून माझी नजर काही उठेना.