सत्काराची खुर्ची

यमुताई परचुरे मुद्दाम हलायचं नाही, असं ठरवून नाट्यगृहात पहिल्या रांगेत बसल्या होत्या. पोटऱ्यांच्या आतून मुंग्या चालत होत्या, पाय झटकावेसे वाटत होते. पण त्यांची नजर मंचावरच्या डॉ. भडसावळ्यांवर होती. सत्कारमूर्ती सारखे पाय हलवत होते. उपयोग काय? मुंग्या यमुताईंच्या होत्या.

या डॉक्टरांनीच त्यांची पायांची गोळी एका फटक्यात बंद केली होती. तेव्हापासून पाय त्यांना कुठे टेकू देईनात. उभ्यानं जेवायची पाळी आली. तक्रार केली, तर डॉक्टर हसले होते. “मनाचे खेळ आहेत, आजी. स्वस्थ बसायला शिका.”

आता नियम असा होता, की औषध बंद करणाऱ्या डॉक्टरनं दंडाला पट्टी बांधून तिच्यातून पोचणाऱ्या पेशंटच्या वेदना एक दिवस भोगायच्या. दिवस पेशंटनं निवडायचा. यमुताईंनी सत्काराचाच निवडला.

त्या उठून चालल्या असत्या, तर दोघांचेही पाय शांत झाले असते. त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले.

तिसरे वक्ते रंगात आले होते. डॉक्टर खुर्चीतून उठले, शाल सावरत मंचाच्या कडेला आले आणि सगळ्यांदेखत खाली वाकले.

“यमुताई, हात जोडतो. उठा. चार पावलं चाला.”

“मनाचे खेळ आहेत, डॉक्टर. स्वस्थ बसायला शिका,” यमुताई म्हणाल्या. मग गप्प झालेल्या वक्त्यांकडे वळल्या. “तुमचं चालू द्या हो. अगदी सविस्तर बोला.”