पुसलेले खडक

"हा समुद्र कुणी बनवला?" असं ओरडत त्या माणसानं हॉटेलची जाहिरात टेबलावर आपटली आणि स्टूल उचलून स्टुडिओत फोटो जुळवत बसलेल्या मुकुलच्या कॉम्प्युटरवर घातलं. काचा उडाल्या.

जाहिरातीत हॉटेलच्या पायऱ्यांखाली निळंशार, शांत पाणी होतं आणि त्यात मुलं डुंबत होती. मुकुलनंच ती मुलं एका तलावाच्या फोटोतून उचलून तिथं आणली होती आणि पाण्यातले काळे खडक पुसून टाकले होते.

"माझी शाल्मली हा फोटो बघून पाण्यात उतरली! लाटेनं तिला खडकावर आपटलं. डोकं फुटून गेली पोर!"

स्टुडिओचे मालक गद्रे आतून धावत आले. "फोटो काढला तसाच आहे. वेडा आहे हा, हाकला त्याला!"

वॉचमननं त्या माणसाला खाली पाडून दाबून धरलं आणि गद्रे त्याच्या बरगड्यांत लाथा घालू लागले. तो मार चुकवत नव्हता, नुसतं मुलीचं नाव घेत होता.

मुकुलला ते पाहवेना. त्यानं गद्र्यांना भिंतीवर ढकललं. "सोडा त्याला! खडक मी पुसलेत. पोलिसांनाही हेच सांगेन."

वॉचमननं हात काढला. तो माणूस रक्ताळलेल्या तोंडानं उठला आणि त्यानं मुकुलच्या थोबाडीत ठेवून दिली, पुन्हा दिली, देतच राहिला. ओठ फुटला तरी त्या माणसाचे हात थकेपर्यंत मुकुलनं चेहरा झाकला नाही.

मग दोघंही तसेच, रक्त न पुसता, पोलीस चौकीकडे चालू लागले.