डाळिंबी लेस

"विभावरी, तुझं कापड दे. मापं घेऊन टाकते," फोलाशादे म्हणाली. तेमीच्या, म्हणजे आपल्या लेकीच्या लग्नाचे सगळे कपडे तीच शिवत होती.

रुद्रचं, विभावरीच्या मुलाचं लग्न तोंडावर आलेलं, आणि जर्मनीतल्या र्युसेल्सहाइमच्या या दिवाणखान्यात ती होणाऱ्या विहीणबाईंसमोर हात हलवत आली होती.

कापड मिळालं नव्हतं असं नाही. साखरपुड्याला फोलाशादेनं डाळिंबी लेस हातात ठेवली होती, भरपूर, आणि विभावरीनं आपल्या रीतीनं तो आहेर धरला. आहेरातलं कापड म्हणजे फिरायलाच जन्माला आलेलं. तिनं ते बाड हॉम्बुर्गच्या मैत्रिणीच्या, कुंदाच्या ओटीत घातलं. कुंदाही काही कच्च्या गुरूची चेली नाही, तिनं ते पुण्याला नणंदेकडे धाडलं. फोलाशादेकडच्या, म्हणजे नायजेरियातल्या योरुबा लोकांच्या लग्नात दोन्ही घरच्या बायका एकाच कापडाचे कपडे घालतात, ज्याच्या अंगावर ते कापड तो घरचा, हे रुद्रनं सांगितलं कधी, तर परवा. शहाणं बाळ माझं.

"आल्झो, म्हणजे, ते कापड..." विभावरीनं सुरुवात केली. पुढचं जर्मन सुचेना.

"थांब. आधी माझं ऐक, तू रागावणार आहेस." फोलाशादेनं आतून हँगर आणला.

पैठणी. विभावरीनंच साखरपुड्याला विहीणबाईंना नेसवलेली, जांभळी. पण आता ती साडी राहिली नव्हती. वर खांदे उघडे ठेवणारा झगमगीत ब्लाउज, त्याला घोळदार बाह्या, बाह्यांवर पदरातले मोर. खाली घट्ट, लांब स्कर्ट.

"आमच्यात पूर्वी कमरेला नुसतं गुंडाळायचे. हल्ली असं चेन लावून शिवतात," फोलाशादे म्हणाली. "शिवून झाल्यावर तेमी म्हणते, मम्मा, ही साडी कापत नाहीत. मला खरंच माहीत नव्हतं गं."

एरवी पैठणीला कात्री लागली असती तर विभावरीला आठवडाभर अन्न गोड लागलं नसतं. आत्ता मात्र तिचा जीव भांड्यात पडला.

"सुंदर झालंय," ती म्हणाली. मोर खरंच छान दिसत होते. "आता माझं ऐक." आणि तिनं ओटी, कुंदा, नणंद, पुणं, सगळं एका दमात सांगून टाकलं.

फोलाशादे हसली ती डोळे पुसेपर्यंत हसली. मग तिनं कपाटातून तीच लेस काढली. "जास्तीची ठेवतेच मी. हात वर कर."

विभावरीनं हात वर केले. टेप पाठीमागून फिरवता फिरवता फोलाशादे थांबली.

"पुण्याच्या त्या बाईंचं नाव काय?"

"मला काय माहीत? कशाला गं?"

"कापड त्यांच्या घरी गेलंय ना," फोलाशादे म्हणाली. "मग आपल्याच झाल्या त्या. पत्रिका पाठवायला नको?"